बेडूक शनिवारपर्यंत थांबत नाहीत

सामंतकाका सोमवारी गेले. आमच्या मंडळाने त्यांना शनिवारी श्रद्धांजली वाहिली.

यात मंडळाचा काही दोष नाही. न्युरेम्बर्गमध्ये आम्हा मराठी माणसांचे सगळेच शनिवारी होते. गणपती शनिवारी येतात, दसरा शनिवारी उजाडतो, संक्रांतीला सूर्यसुद्धा शनिवारपर्यंत थांबून मग मकर राशीत जातो. आठवडाभर जो तो आपापल्या कारखान्यात किंवा संगणकासमोर असतो, आणि रविवार इथे शांततेचा, भिंतीत खिळा ठोकला तरी शेजारी दार वाजवतात. तेव्हा गुढी काय आणि शोकसभा काय, शनिवारी सकाळी अकरा वाजता, हॉल मिळाला तर.

सभेत आमचे अध्यक्ष जोगळेकर म्हणाले, की सामंतसाहेब हे मंडळाच्या पर्यावरण उपक्रमाचे आधारस्तंभ होते. सचिव वंदनाताई म्हणाल्या, की त्यांच्या घराचे दार सर्वांसाठी सदैव उघडे असे. फ्रिजच्या दाराविषयी त्या काही बोलल्या नाहीत. मी मागच्या रांगेत बसले होते. घरी येताना वाटले, की काका असे नव्हते, आणि कसे होते ते कुणीतरी लिहून ठेवायला हवे. मी हळू लिहिते. त्या सभेला आता दोन हिवाळे झाले.

मी त्यांच्या वरच्या मजल्यावर राहत असे. यंत्रांच्या माहितीपुस्तिकांची भाषांतरे करायची आणि उरलेल्या वेळात वाचायचे, एवढेच माझे आयुष्य. काका सत्तरच्या दशकात वेंगुर्ल्याहून मुंबईमार्गे इथे आले, गिअरबॉक्सच्या कारखान्यात रुजू झाले आणि तिथूनच निवृत्त झाले. उंच, किरकोळ माणूस. घरातही लोकरीची टोपी घालत. कुणाकडे गेले की आपले बूट काढून ठेवत आणि मग दारातले इतरांचेही बूट एकेक करून वळवून ठेवत, टाचा दाराकडे नको, चवडे दाराकडे. "निघताना पाय सरळ आत जातो," म्हणत. माणूस आल्या आल्या त्याच्या जाण्याची सोय करणारा दुसरा पाहुणा मी पाहिला नाही. स्वतः यजमान असले तरी ते हेच करत.

त्यांचा एकच मोठा दोष होता. त्यांना 'नाही' म्हणता येत नसे. मराठीत नाही, जर्मनमध्ये तर मुळीच नाही. कुणी काही सांगितले की ते मान डोलावत आणि म्हणत, "बरां." त्यांच्याकडे व्हॅक्यूम क्लीनर दोन होते आणि अपघाताचा विमाही दोनदा उतरवलेला होता, कारण विकणारे दोघे आले होते. एका दिवाळीत तीन घरांनी एकाच संध्याकाळी जेवायला बोलावले, तर ते तिन्हीकडे जेवले. तिसऱ्या घरी श्रीखंडाचा आग्रह झाला तेव्हा डोळ्यांत पाणी आले, आणि यजमानीणबाईंना वाटले, काकांना आईची आठवण झाली.

त्यांची बायको हेल्गा. ती इथलीच, फ्रांकेन भागातली. आम्ही तिला हेल्गाकाकू म्हणत असू. मराठी बरे बोले, माशांची नावे तर आमच्यापेक्षा जास्त जाणे. एकदा मंडळातल्या कुणीतरी तिला विचारले, "काकू, तुमचं लव्ह मॅरेजच ना?"

"माझा लव्ह," हेल्गाकाकू म्हणाली. "मी विचारलं. हा नाही म्हणू शकला नाही."

काका शेजारी बसून हसत होते. "बरां झाला पण," म्हणाले.

अशा माणसाच्या घरात एका शरदात बेडूक आले.

इथल्या इमारतींना तळघर असते, आणि तळघराच्या खिडकीला उजेड मिळावा म्हणून बाहेर जमिनीत एक चौकोनी खड्डा असतो, वर लोखंडी जाळी. त्याला लिश्टशाख्ट म्हणतात. ऑक्टोबरात थंडी पडू लागली की बेडकांची पिल्ले निजायला जागा शोधत हिंडतात आणि जाळीतून खाली पडतात. भिंती गुळगुळीत, वर चढता येत नाही. खाली ओला पाला तेवढा असतो. काका बटाटे आणायला तळघरात गेले आणि खिडकीच्या काचेपलीकडून कुणीतरी आपल्याकडे बघते आहे असे त्यांना वाटले. अंगठ्याच्या पेराएवढी, मातकट रंगाची बरीच पिल्ले होती.

त्यांनी शहराच्या निसर्गरक्षण कार्यालयात फोन केला. तिथल्या फ्राऊ ओट नावाच्या बाईंनी सांगितले, की जी धडधाकट आहेत ती आजच सोडा, पण जी खंगलेली आहेत ती हिवाळ्यात जगणार नाहीत. ती ठेवायची असतील तर खाऊ घालून ठेवा. वसंतात पहिला उबदार पाऊस पडेल त्या संध्याकाळी, त्यांच्याच तळ्यावर सोडा. दुसऱ्या तळ्यावर नाही, कारण रोग पसरतात. आणि पाऊस चुकवू नका, कारण त्यांना जितके जास्त दिवस ठेवाल तितकी ती जंगलाला निरुपयोगी होतील.

"तुम्हाला जमेल का?" बाईंनी विचारले.

काकांनी काय उत्तर दिले ते सांगायला नको.

पाहुण्यांच्या खोलीतला हीटर बंद झाला. तिथे काचेची मोठी पेटी, तिच्यात माती, शेवाळ, झाडाची साल आणि पाण्याची बशी आली. त्या नाताळात त्यांचा पुतण्या कंपनीच्या कामासाठी पुण्याहून आला, तो सोफ्यावर झोपला. बेडकांना जिवंत खाणे लागते म्हणून काका दर आठवड्याला दुकानातून बारीक रातकिडे आणत. ते फार उड्या मारू लागले की पिल्लांना पकडता येत नसत, म्हणून खायला देण्याआधी काका त्यांना थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवत. थंडीने ते सुस्त होत.

कशात ठेवत? जगातल्या कुठल्याही मराठी घरात जे कशातही ठेवतात त्यात. दह्याच्या रिकाम्या डब्यात. आमच्या लोकांकडे दह्याचा डबा फेकून देण्याचे धैर्य नसते. त्यात डाळ असते, सुया असतात, गेल्या वर्षीचे अनारशाचे पीठ असते. झाकणावर जे छापलेले असते ते सोडून आत सगळे असते. काकांनी झाकणाला सुईने बारीक भोके पाडली होती, एवढाच फरक.

त्या जानेवारीत मंडळाची सत्यनारायणाची पूजा काकांच्या घरी ठेवण्यात आली, कारण जोगळेकरांनी विचारले होते. आमच्याकडे गुरुजी नव्हते. गुरुजींची कॅसेट होती. कॅसेटमधले गुरुजी सांगतील तसे करायचे, मागे पडलो तर बटण दाबून त्यांना थांबवायचे. बटणावर जोगळेकर स्वतः बसले होते. गुरुजी पंचामृतावर आले तेव्हा दही विसरल्याचे वंदनाताईंच्या लक्षात आले. त्या स्वयंपाकघरात धावल्या, फ्रिज उघडला, डबा घेतला, आणि पूजेपाशी येऊन, वेळ जाऊ नये म्हणून, न बघता वाडग्यावर उपडा केला.

थंडीने सुस्त झालेले रातकिडे आधी नुसतेच दुधामधात पडले. मग त्यांना ऊब लागली.

"जोगळेकर! बंद करा, बंद करा!" वंदनाताई किंचाळल्या. जोगळेकरांनी घाईत भलतेच बटण दाबले आणि गुरुजींचा आवाज मोठा झाला. दूध, दही, तूप, मध, साखर असे खणखणीत म्हणत गुरुजी पुढे निघाले. रातकिडे पाटावर, केळीच्या खांबावर, जोगळेकरांच्या रेशमी सोवळ्यावर पसरले.

"मारू नका!" हेल्गाकाकू दारातून ओरडली. "ते बेडकांचे आहेत!"

खोलीत शांतता झाली. कॅसेट सोडून.

"कोणाचे?" वंदनाताईंनी विचारले.

काका चष्मा पुसत उभे राहिले आणि त्यांनी सगळ्यांना पाहुण्यांच्या खोलीत नेले. बायका दारातच थांबल्या. वंदनाताईंची मुलगी ईशा मात्र पेटीला नाक लावून बसली. ती इथेच जन्मलेली, मराठी सगळे समजे पण बोले जर्मन. "झ्युस!" म्हणाली, म्हणजे गोड आहेत. तिला उठवायला दोन माणसे लागली.

पुढचे काही आठवडे गावात बातमी होती, की सामंतांकडे किडे खातात. मग ती बदलली आणि बेडूक खातात अशी झाली. काकांना फोन कमी येऊ लागले. बोलून दाखवत नसत, पण जिन्यात भेटले की विचारत, "कुणाचा काही फोन?" कारखाना सुटल्यापासून घराबाहेर बोलायला त्यांना मंडळच काय ते होते, आणि मी, पण माझ्याशी बोलणे म्हणजे काय असते, ते माझ्या ओळखीच्या कुणालाही विचारा.

याच सुमारास जोगळेकरांना साक्षात्कार झाला. मंडळाला शहराचा नवा हॉल वर्षभर हवा होता, आणि शहराचे म्हणणे होते, की परदेशी मंडळांनी नुसते आपापले सण न करता इथल्या परिसरासाठीही काही करावे. जोगळेकर एका कंपनीत प्रकल्प सांभाळत. हाताशी येण्यासारखा प्रकल्प त्यांना लांबून दिसे. ते पेढे घेऊन काकांकडे आले. मीही तिथे होते.

"सामंतसाहेब, तुमचे बेडूक आता आपले बेडूक," ते म्हणाले. "पाडव्याचा कार्यक्रम शनिवारी आहे. अकराला दीपप्रज्वलन, साडेअकराला प्रमुख पाहुण्यांच्या हस्ते बेडूक निसर्गात मुक्त, एकला जेवण. हॉलमागच्या बागेतलं तळं आहे ना, तिथे."

"यांचं तळं इकडे आहे," काका म्हणाले. "आपल्या बिल्डिंगमागच्या बागांपलीकडे."

"तिथे पार्किंग आहे का?"

"नाही."

"आल्झो," जोगळेकर म्हणाले. म्हणजे, झाले तर मग.

"आणि पाऊस लागतो. संध्याकाळचा."

"शनिवारी ऊन आहे, मी बघितलंय. फोटो छान येतील. तुम्ही फक्त खोका घेऊन वेळेवर या."

"बरां," काका म्हणाले.

ते गेल्यावर हेल्गाकाकू पेढ्याचा तुकडा तोडत म्हणाली, "शरद, ऊन म्हणजे काय होईल माहीत आहे ना?"

"माहीत आहे," काका म्हणाले.

"मग सांग त्याला."

काकांनी खरोखर फोन लावला. दुपारभर धीर गोळा करून लावला. मी आणि काकू शेजारी बसून ऐकत होतो.

"जोगळेकर, मी सामंत. ते बेडकांचं... होय. होय, खोका आहे. नाही म्हणजे मला म्हणायचं होतं की... फुलं? हो, आणतो ना. किती माळा? बरां. होय, होय. बरां." त्यांनी फोन ठेवला. "नारळपण आपणच आणायचा आहे," म्हणाले.

काकू जर्मनमध्ये काही बोलली. त्याचे मी भाषांतर करणार नाही, मी व्यवसायाने भाषांतर करत असले तरी.

थट्टा बाजूला ठेवून सांगायचे तर, काका त्या आठवड्यात झोपत नव्हते. खालून त्यांच्या येरझाऱ्या मला ऐकू येत. एकीकडे हिवाळाभर ओंजळीतल्या ज्योतीसारखी जपलेली पिल्ले. भर उन्हात, परक्या तळ्यावर, टाळ्यांच्या गजरात सोडली तर त्यातली किती जगतील, ते त्यांना कळत होते. दुसरीकडे मंडळ. पूजेनंतर तुटत आलेला धागा जोगळेकर स्वतः येऊन बांधून गेले होते. इतक्या वर्षांत या माणसाने कुणाला दुखावले नव्हते, आणि आता कुणाला तरी दुखावल्यावाचून सुटका नव्हती. दुखावून घेणाऱ्यांत बेडूकच काय ते काही बोलणार नव्हते.

बुधवारी दुपारी वारा बदलला. चारच्या सुमाराला खिडक्यांवर पाणी ओघळू लागले, आणि खिडकी उघडली तर हवा कोमट, मातीच्या वासाची. थोड्या वेळाने माझे दार वाजले. काका रेनकोट घालून उभे, टोपीवर टोपी, हातात खोका.

"चल गो," म्हणाले. "पाऊस इलो."

"मंडळाला सांगितलंत?"

"तू चलतंस काय?"

आम्ही तिघे बागांमधल्या वाटेने गेलो. काकू पुढे, पाण्याने भरलेल्या चाकोऱ्या दाखवत. तळे अगदी साधे होते. कडेला बुटके लव्हाळे, एक मोडका बाक, पलीकडे रेल्वेची भिंत. त्याला सुंदर म्हणता आले नसते. काका काठावर गुडघे टेकून बसले, खोका आडवा केला आणि झाकण काढले.

अशा प्रसंगी एखादे पिल्लू शेवटपर्यंत तळहातावर बसून राहते, पोसणाऱ्याकडे बघते आणि मग उडी मारते. मी वाचलेल्या सगळ्या पुस्तकांत असे होते. इथे तसे काही झाले नाही. पिल्लांनी ओला वास घेतला आणि ती निघाली. एकामागून एक, घाईने, गवतात. एकाही पिल्लाने मागे वळून बघितले नाही. एक तर काकांच्या बुटावरून गेले, जणू तो दगडच. त्यांना सांभाळायला घेताना 'बरां' म्हणायला लागला असेल, तेवढाही वेळ खोका रिकामा व्हायला लागला नाही.

"गेले," काका म्हणाले. रेनकोटच्या बाहीने त्यांनी चष्मा पुसला, पण बाहीच ओली होती.

"आणि शनिवारी?" काकूने विचारले.

"शनिवारी खोका घेऊन जाईन."

"रिकामा?"

"जोगळेकरांनी खोका आणा म्हणून सांगितलंय," काका म्हणाले.

शनिवारी ऊन पडले होते. जोगळेकरांचा हवामानाचा अंदाज बरोबर होता. हॉलमागच्या तळ्याकाठी टेबल मांडले होते, त्यावर पैठणीचा तुकडा, त्यावर खोका, खोक्याला झेंडूची माळ. समोर खुर्च्या, नऊवारी, कोट, गॉगल. प्रमुख पाहुणी म्हणून जोगळेकरांनी निसर्गरक्षण कार्यालयातल्याच बाईंना बोलावले होते. त्या फ्राऊ ओट. काकांची आणि त्यांची तोवर फोनवरच ओळख होती. काका फिक्या चेहऱ्याने टेबलाशेजारी उभे होते. खुर्ची देऊ केली तर बसले नाहीत.

जोगळेकर बराच वेळ बोलले. आपल्या संस्कृतीत बेडकाला असलेले स्थान त्यांनी सांगितले. ते इतके मोठे असल्याची आम्हाला कल्पना नव्हती. मग नारळ फुटला. मग शाल. मग फ्राऊ ओट पुढे आल्या आणि कॅमेरे वर झाले.

झाकण उघडले. आत शेवाळ होते.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मागच्या रांगांना काही दिसत नव्हते आणि पुढच्या रांगा सभ्य होत्या. फ्राऊ ओट खोक्यात बघत राहिल्या. वंदनाताईंची ईशा टेबलाखालून डोके वर काढून म्हणाली, "मामा, डा इस्ट या निक्स द्रिन!" आई, यात तर काहीच नाहीये.

"गप्प बस," वंदनाताई म्हणाल्या. "लपलेत ते."

"लपले नाहीत," काका म्हणाले.

मी त्यांना एवढ्या मोठ्या आवाजात बोलताना कधी ऐकले नव्हते. मग ते जर्मनमध्ये, फ्राऊ ओटकडे बघून बोलले, सावकाश, शाळेत उभे राहून उत्तर द्यावे तसे. "बुधवारी संध्याकाळी पाऊस आला. मी त्यांना त्यांच्या तळ्यावर सोडलं. मंडळाला मी विचारलं नाही. सांगितलंही नाही. त्यांना शनिवारपर्यंत थांबता आलं नसतं."

फ्राऊ ओट हसल्या. "गेनाऊ," म्हणाल्या. "अगदी बरोबर केलंत. आज या खोक्यात बेडूक असते आणि ते या तळ्यात सोडले असते, तर मला तुमच्या मंडळावर कारवाई करावी लागली असती."

प्रकल्प सांभाळणारी माणसे पडताना मांजरासारखी चार पायांवर पडतात. जोगळेकरांनी क्षणात माईक घेतला. "बंधुभगिनींनो, सांगायला आनंद होतो, की आपल्या मंडळाने सर्व नियम पाळून हा उपक्रम नियोजित वेळेआधी पूर्ण केला आहे!" पुन्हा टाळ्या झाल्या. मग सगळे जेवायला गेले. मंडळाच्या वार्षिक अंकात फोटो आला: रिकाम्या खोक्याभोवती कार्यकारिणी, सगळे आत बघताहेत, चेहऱ्यावर कौतुक. काकांचा अर्धा खांदा आला आहे.

हॉल मिळाला. अजून आहे.

काकांना मात्र नंतर कुणी फोन केला नाही. भांडण असे झाले नाही, आमच्यात ते होत नाही. गणपतीच्या बैठकीचा निरोप त्यांना द्यायचा राहिला. मग कोजागिरीचा राहिला. मग निरोप राहायची सवय झाली. "चारचौघांत सांगायला नको होतं हो," वंदनाताई मला ट्राममध्ये म्हणाल्या. "आम्हाला आधी नाही म्हणाले असते तर आम्ही काय खाल्लं असतं का त्यांना?" त्यांचे तेवढे म्हणणे खरे होते.

काकांनी त्याबद्दल एकदाच विषय काढला. मी त्यांच्याकडे चहाला गेले होते. म्हणाले, "तेवढा एकदा जमला. आता परत जमायचा नाय." आणि काकूने पुढे केलेली तिसरे बिस्कीट निमूट घेतले.

पुढल्या वर्षी त्यांचे हृदय कुरकुर करू लागले. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितले. जाताना दिसत, पण कुठे जातात ते मी विचारले नाही. एका मे महिन्याच्या संध्याकाळी, बारीक पाऊस येऊन गेल्यावर, मी बागांमधल्या वाटेने घरी येत होते. ते तळ्याकाठच्या मोडक्या बाकावर बसलेले दिसले. पण बाकावर उलटे बसले होते, तळ्याकडे पाठ आणि बागांच्या कुंपणाकडे तोंड.

"काका, असे का बसलात? तळं मागे आहे."

त्यांनी बोट ओठांवर ठेवले. मग हळूच म्हणाले, "मान्सा बघूक लागली की ती भायर येनत नाय."

"मग दिसतात का कधी?"

"एकदापण नाय," ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा प्रसन्न झाला. मी निघाले. वळणावरून मागे बघितले, तर ते तसेच ताठ बसून होते, हात गुडघ्यांवर, समोर कुंपण. त्यांच्या मागे, गवताच्या कडेशी, पाण्यात काहीतरी टुपकन पडले. त्यांनी मान वळवली नाही.